झुडपातली नोकरी

तीर्थरूप मामांना दुरून, मनापासून आणि थोड्या रागानं नमस्कार.

(नमस्कार पूर्ण घ्यावा. राग खालच्या मजकुरात आहे, नमस्कारात कालवलेला नाही.)

तुमचा बसलेला घसा उठला का? मोठ्या भोंग्याला चीर पडली होती ती सांधली का? मामी कशी आहे? शेजारचे शिंपीकाका आपल्याशी बोलायला लागले, की अजून तुम्ही भोंगा त्यांच्याच खिडकीकडे तोंड करून तपासता? सगळ्यांची खुशाली कळवा. माझी मात्र विचारू नका. 'मी इथे मजेत आहे' असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहून टाकतो, मी इथे मजेत आहे. आता पुढचं वाचा म्हणजे कसली मजा ते कळेल.

आधी मुद्द्याचं सांगतो, कारण तुम्ही पत्र अर्धं वाचता आणि गिऱ्हाईक आलं की त्याच कागदावर चहाचा कप ठेवता. माझी इथली नोकरी महिनाअखेरीला संपते आहे. मला काढलं असं इथले म्हणतील, मी सोडली असं तुम्ही तिकडे सांगा. खरं काय ते वाचून ठरवा, पण ठरवताना भाचा कोणाचा आहे हे विसरू नका. तोवर तिकडे कुठेही चिकटवता आलं तर बघा. माझी एकच अट आहे, कामाला आवाज पाहिजे. पिठाची गिरणी चालेल. छापखाना चालेल. पत्रे ठोकायचं काम तर आनंदानं करीन. बर्फाच्या कारखान्यातही विचारा (तिथून मला काढलं होतं खरं, पण मुकादम बदलला असेल, आणि नसला तर थंडीनं त्याची आठवण गोठली असेल).

हे सगळं कोणामुळे झालं? रागावू नका मामा, पण तुमच्यामुळे. तुमच्याकडे माइक भाड्यानं न्यायला आलेले ते गृहस्थ म्हणाले, डोंगरात सायकलींचा धंदा आहे, हातापायानं मजबूत पोरगा पाहिजे. त्यावर तुम्ही मला न विचारता 'आहे की आमच्याकडे!' म्हणालात, तेही चालू माइकवर. माझी नोकरी ठरल्याचं मला कळायच्या आधी अख्ख्या गल्लीला कळलं. मग मला सांगितलंत, सायकली आहेत, जंगल आहे, हवा चांगली आहे, जागा शांत आहे. सायकली म्हटल्यावर मी हुरळलो. मला वाटलं उतारावर हात सोडून सुसाट जायचं, वाटेत कोणी आलं की घंटी बडवायची. 'शांत' हा शब्द माझ्या कानावर पडला असेल, पण आपल्या भोंगे-माइकच्या दुकानात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुठून कळणार? आपल्या घरात शांत म्हणजे वीज गेलेली.

तर इथला धंदा असा. टेकड्यांमागून टेकड्या, सगळ्यांवर उंच उंच झाडं, आणि त्यांच्यामधून जाणारी एक जुनी वाट. पूर्वी हिच्यावरून लाकूड वाहायचे, आता फक्त सायकली जातात. वाटेच्या दोन्ही टोकांना लोखंडी आडवा दांडा आहे. दांड्याच्या आत मोटार नाही, ट्रक नाही, स्कूटर नाही, काही म्हणजे काही नाही. खालच्या दांड्याशी एक घर, वरच्या दांड्याशी दुसरं घर, दोन्ही आमच्या मालकीणबाईंची. पाहुणे सकाळी खालच्या घरातून निघतात, दिवसभर चढ चढतात, पाणी पितात, झाडाला हात लावून बघतात (झाडच असतं), आणि संध्याकाळी वरच्या घरी पोचून म्हणतात, 'काय शांतता!' हेच लोक शहरात घरटी दोन-दोन मोटारी बाळगतात. मोटारी नसलेली जागा बघायला मोटारीनं येतात, दांड्याबाहेर मोटारींची ही लांब रांग लावतात आणि आत येऊन मोकळा श्वास घेतात. मी तो श्वास बघत उभा असतो. मला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू कधी घेणार?

आता तुम्ही विचाराल, यात तुझं काय गेलं? माझ्या पोटऱ्या गेल्या, मामा. पाहुणे सायकलीवर मोकळे जातात, पण त्यांच्या बॅगा? बॅगांना पाय नाहीत आणि मोटारीला आत परवानगी नाही. म्हणून माझ्या सायकलीच्या मागे दोन चाकांचा गाडा जोडतात, त्यात सगळ्यांच्या बॅगा रचतात आणि मला वर सोडतात. मोकळ्या हवेला जायचं तर माणसाला काय लागतं? दोन सदरे, एक पंचा. पण यांच्या बॅगांत काय असतं देव जाणे. परवा एका बॅगेतून इस्त्री निघाली. इस्त्री! जंगलात कोणासाठी कडक घडी पाहिजे, खारीसाठी?

तरी ओझ्याबद्दल माझी तक्रार नाही. मोठे भोंगे शिडीवरून चढवणारा मी, मला ओझ्याचं काय. राग आहे तो नियमाचा. नियम असा की पाहुण्यांना मी दिसता कामा नये. दिसायचं नाही, ऐकू यायचं नाही, आणि शक्य असेल तर घामाचा वाससुद्धा वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवायचा. कारण मालकीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पाहुण्याला असं वाटलं पाहिजे की या जंगलात आपल्याशिवाय कोणी नाही. मी त्यांच्या आधी निघतो, पण ते मोकळे आणि मी इस्त्र्या ओढणारा, मग ते गाठणारच. मागून चाकांची सळसळ ऐकू आली की मी वाट सोडायची, गाड्यासकट झुडपात शिरायचं, गाड्यावर हिरवं कापड ओढायचं आणि पाहुणे पुढे जाईपर्यंत मूग गिळून बसायचं. माझ्या घंटीचा ठोका काढून घेतला आहे. सदरा मातकट रंगाचा दिला आहे. खोकला आला तर रुमाल तोंडात कोंबायचा, शिंक आली तर ती गिळायची. (शिंक गिळून बघा एकदा. कानातून निघते.) मामा, मी माणूस म्हणून नोकरीला लागलो आणि रानडुक्कर म्हणून काम करतो आहे. रानडुकराला तरी घुरघुर करायची मुभा आहे.

अतिशयोक्ती वाटत असेल तर ऐका. मध्यंतरी एक दुर्बीणवाल्या बाई आल्या होत्या, पक्षी बघणाऱ्या. नेमक्या माझ्या झुडपासमोर थांबल्या आणि दुर्बीण थेट माझ्यावर रोखली. मी श्वास धरला. त्या बघताहेत, मी बघतो आहे, कोणीच हलेना. शेवटी माझ्याच कोपराला मुंगी चावली आणि मी जरासा हललो. त्या दबक्या पावलांनी मागे सरकल्या, सायकलीवर बसल्या आणि अशा पळाल्या की सांगता सोय नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी सगळ्यांना सांगितलं की या जंगलात एक मोठं, तपकिरी, दुःखी डोळ्यांचं जनावर आहे. दोन पाहुण्यांनी तर मुक्काम वाढवला, ते जनावर बघायला! मी मागच्या खोलीत भांडी पुसत होतो. दुःखी डोळ्यांचं म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही, खरं तेच त्या बोलल्या. जनावर म्हणाल्या ते लागलं.

मालकीणबाईंबद्दल सांगायला हवं. बारकुड्या, केस आखूड कापलेले, पायात रबरी तळाच्या चपला. त्या येत नाहीत, असतात. तुम्ही सहज मागे वळावं तर त्या तिथे आधीपासून उभ्या. बोलतात इतकं हळू की ऐकायला माणसाला वाकावं लागतं, त्यामुळे उगाचच नमस्कार केल्यासारखं होतं. त्या रागावल्या की आवाज आणखी खाली जातो, आणि फारच रागावल्या की नुसते ओठ हलतात. आपल्या घरी तुम्ही रागावलात की कपबश्या वाजतात, त्याची सवय असलेल्या माझ्यासारख्याला सुरुवातीला वाटायचं की या माझं कौतुकच करताहेत. वाटेवर कुठेही पाटी नाही. मी विचारलं, 'बाई, पाट्या का नाही लावत?' तर म्हणाल्या, 'पाटी म्हणजे बोलणंच.' फाट्याफाट्यावर दगडांचे छोटे बाण मांडून ठेवले आहेत, त्यांच्याकडे बघत जायचं.

आणि आमचे मिस्त्री. सायकली दुरुस्त करतात. त्यांना सगळे 'हुं' म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून तेवढंच येतं. हवा कमी आहे का, हुं. जेवलात का, हुं. काल तुमच्या वडिलांच्या निधनाची बातमी आली ती खरी का, हुं. पहिले काही दिवस मला वाटलं, घुम्या माणूस आहे. मग कळलं की त्या हुंचे दहा-बारा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे. आता मला ते सगळे कळतात, आणि हीच तर माझी दुसरी तक्रार. मी बिघडलो, मामा! मागच्या सुटीला खालच्या गावात केस कापायला गेलो. रस्त्यावर एका टेम्पोनं हॉर्न वाजवला तर मी गटारात उडी मारली. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू, न्हावी रेडिओवर ओरडतो आहे, गिऱ्हाईक न्हाव्यावर ओरडतं आहे. मला घेरी आली. अर्धी दाढी झालेली असताना उठलो आणि सायकलीवर टांग टाकून दांड्याच्या आत आलो तेव्हा जीव भांड्यात पडला. उरलेली अर्धी दाढी मिस्त्रींनी केली, हुं म्हणत. सांगा आता, भोंग्यांखाली झोपणाऱ्या पोराचे कान इतके नाजूक करून ठेवले, याची भरपाई कोण देणार? चाकात हवा किती आहे ते मला आता वळणापलीकडून ऐकू येतं. चढाच्या टोकाला झाडं संपतात तिथे वारा आधी डाव्या कानाला लागतो आणि मग उजव्या, हेसुद्धा कळतं. हे कळून मी काय करू? तिकडे आल्यावर कोणाला सांगू, आणि तुमच्या भोंग्यापुढे ते कोणाला ऐकू जाणार?

आता ज्यामुळे नोकरी गेली तो प्रसंग. दातांचे एक डॉक्टर आणि त्यांच्या बाई पाहुणे म्हणून आले. डॉक्टर असा माणूस की आयुष्यभर लोकांना 'आ' करायला लावून स्वतः बोललेला. समोरच्याचं तोंड उघडं, त्यात हत्यारं, उत्तर कोण देणार? त्यामुळे त्यांना उत्तराची सवयच राहिली नाही. खालच्या दांड्यापासून जे बोलत सुटले ते शांततेवर. शांतता मेंदूला कशी चांगली, शांततेत पचन कसं होतं, पूर्वीच्या लोकांचे दात शांततेमुळे कसे टिकायचे. इतक्या मोठ्यानं की मला ते दोन वळणं आधी ऐकू आले. (त्यांना कोणी काढलं नाही बरं का. शांततेवर ओरडायची परवानगी आहे.) मी रीतीप्रमाणे झुडपात शिरलो, कापड ओढलं, बसलो. आणि ते दोघं बरोबर माझ्या झुडपासमोर सायकली टेकवून जेवायला बसले.

पाव निघाले. उकडलेली अंडी निघाली. मीठ निघालं. मी उकिडवा बसलेलो, एका पायाला मुंग्या आलेल्या, दुसऱ्याला खरोखरच्या मुंग्या लागलेल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बरं, जागा कुठली? फाटा. डावीकडची वाट वरच्या घराकडे जाते, उजवीकडची उतरते ओढ्याकडे, आणि ओढ्यावरचा लाकडी पूल मागच्या पावसात वाहून गेला आहे. तिथला दगडांचा बाण हरणांनी विसकटलेला. मी बसल्या जागेवरून ते दगड बघतो आहे आणि डॉक्टर बोटं चाटत उजवीकडे बघताहेत.

"उजवीकडेच," डॉक्टर म्हणाले. "उतार आहे. शहाणा माणूस उतार घेतो."

"वर जायचंय ना आपल्याला?" बाई म्हणाल्या. "मग उतार कशाला?"

"तुला दिशेचं कळत नाही गं."

"मला चढाचं कळतं. पाय माझेच दुखताहेत."

मी मनात म्हटलं, शाब्बास बाई, सोडू नका. पण बाईंनी सोडलं, सगळ्याच जणी शेवटी सोडतात तसं. मग मी काय करायचं? नियम मोडायचा नाही आणि माणूसही मोडू द्यायचा नाही. हाताला एक झाडाचं फळ लागलं, वाळलेलं, कडक, ते मी नेम धरून डाव्या वाटेवर टाकलं. नेम चुकला आणि ते डॉक्टरांच्या हेल्मेटवर टणकन बसलं. "खार," डॉक्टर म्हणाले आणि खारींच्या दातांवर सुरू झाले. मग मी तोंड डावीकडे करून शीळ घातली, अगदी पाखरासारखी, दोनदा. बाई म्हणाल्या, "किती गोड! डावीकडून आली, चला तिकडेच जाऊ." मला वाटलं, जिंकलो. तर डॉक्टर म्हणाले, पाखरू आवाज देतं ते आपल्याला घरट्यापासून लांब न्यायला, तेव्हा शास्त्राप्रमाणे उलट जायचं, उजवीकडे. आणि बसले सायकलीवर, आणि निघाले की उताराला!

आता तुम्हीच सांगा मामा, तुम्ही काय केलं असतं? गप्प बसावं तर डॉक्टर ओढ्यात, ओरडावं तर माझी नोकरी ओढ्यात. मला विचार करायला वेळ नव्हता. झुडपातून गाड्यासकट उभा राहिलो आणि भोंगा बंद पडल्यावर तुम्ही मला गच्चीवर उभं करून ओरडायला लावायचात तसा, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "ओऽऽ दातवालेऽऽ! डावीकडेऽऽ! उजवीकडे पूल नाहीऽऽ!"

मामा, काय सांगू! त्या जंगलानं असला आवाज जन्मात ऐकला नसेल. समोरच्या टेकडीनं 'नाहीऽऽ' म्हटलं, तिच्यामागचीनं म्हटलं, तिच्यामागचीनंही म्हटलं. झाडाझाडावरून पाखरं उडाली. वरच्या घरात स्वयंपाकीणबाईंच्या हातून डाव निसटून आमटीत बुडाला. डॉक्टरांनी दोन्ही ब्रेक एकदम दाबले आणि मऊमऊ नेच्यांत जाऊन बसले, तोंड उघडं ठेवून. जन्मात पहिल्यांदा त्यांनी स्वतः 'आ' केला होता. लागलं काहीच नाही. बाई मात्र हसून हसून खाली बसल्या. हसू थांबल्यावर मला म्हणाल्या, "किती वेळ बसला होतास रे तिथे?" म्हटलं, "तुम्ही पहिलं अंडं सोललंत तेव्हापासून." त्यांनी एक अंडं पुढे केलं. मीठसुद्धा लावून दिलं. या सगळ्या डोंगरात मला माणसासारखं वागवणारी ती एकच बाई.

इथवर ठीक होतं. डॉक्टर उठले, कपडे झटकले, आभार मानायला माझ्याकडे आले (असं मला वाटलं) आणि त्यांची नजर माझ्यामागे गेली. हिरवं कापड सरकलं होतं. झुडपात एक अनोळखी माणूस, आणि त्याच्याजवळ लपवलेली त्यांचीच बॅग! "चोर!" डॉक्टर गरजले. म्हटलं, "साहेब, मी चोर नाही, मी तुमचं सामान नेतो." "तेच म्हणतोय मी!" म्हणाले. किती समजावलं, पण नियमच असा की बॅगा कशा जातात ते पाहुण्यांना सांगायचं नाही, मग त्यांनी विश्वास तरी कशाच्या जोरावर ठेवायचा? शेवटी मी पुढे गाडा ओढतो आहे आणि डॉक्टर मागून हवा भरायचा पंप काठीसारखा धरून माझ्यावर पहारा करताहेत, अशी आमची वरात वरच्या घरी पोचली. वाटेतल्या सगळ्या चढाला डॉक्टरांनी एकदाही गाड्याला हात लावला नाही. चोराला कोण मदत करतं? बाईंनी लावला.

वर पोचल्यावर मालकीणबाईंना सगळ्या पाहुण्यांसमोर सांगावं लागलं की बॅगा हा ओढून आणतो. मी एकाला सहज विचारलं, "साहेब, तुम्हाला काय वाटलं होतं, बॅगा वर कशा येतात?" तो विचार करून म्हणाला, "खरं सांगू, काही वाटलंच नव्हतं." मामा, हे माझ्या काळजाला लागलं. रोज माझ्या पोटऱ्या फुटताहेत, आणि यांच्या डोक्यात प्रश्नसुद्धा आला नाही! चोर म्हणणारा डॉक्टर परवडला. त्याला निदान मी दिसलो तरी.

मालकीणबाईंनी मला मागच्या ओट्यावर बोलावलं. त्यांचे नुसते ओठ हलत होते, त्यावरून मी ओळखलं की गेलो. ओठांवरून जेवढं समजलं ते असं: टेकडीवरच्या सगळ्या पाहुण्यांनी तक्रार केली आहे, आवाज खालच्या घरापर्यंत गेला, शांतता हाच आपला माल आहे आणि तू तो अख्खा सांडलास. म्हटलं, "बाई, डॉक्टर सांडले असते." तर म्हणाल्या, "धावत जाऊन हात धरायचा." म्हणजे उतारावर सुटलेल्या सायकलीचा, मुंग्या आलेल्या पायांनी! आणि दगड विसकटणाऱ्या हरणांना काही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "हरणं बोलत नाहीत." झालं, निकाल लागला, महिनाअखेर. मी तडक मिस्त्रींकडे गेलो आणि सगळं सांगितलं, तावातावानं, पण अर्थात दबक्या आवाजात. ते चाकाचे आरे ताणत होते. सगळं ऐकून घेतलं, चाक खाली ठेवलं आणि मी आल्यापासूनचं त्यांचं पहिलं वाक्य बोलले, "घसा चांगला आहे. जागा चुकली."

तर मामा, असा हा अन्याय. ज्याचा जीव वाचवला त्यानं चोर ठरवलं, आणि जिचा पाहुणा वाचवला तिनं घरी बसवलं. स्वाभिमान म्हणून काही चीज असते की नाही? मी महिनाअखेरीला निघतो आहे आणि पुन्हा या डोंगराकडे ढुंकून बघणार नाही. दांड्याबाहेर पाऊल टाकलं की आधी मनसोक्त शिंकणार आहे. मामीला नमस्कार, शिंपीकाकांना नमस्कार (ते घेतील तर), भोंग्यांना आशीर्वाद.

आपला,
अन्याय झालेला भाचा

ता. क. गिरणी, छापखाना वगैरे बघायला सांगितलं आहे ते जरा थांबवा. पलीकडच्या उतारावर एक नवीन वाट उघडायची आहे. तिच्यावरची झुडपं मी आणि मिस्त्रींनी आमच्या हातांनी तोडली आहेत. तिच्यावर पहिला गाडा दुसऱ्याच कोणीतरी ओढावा हे मला सहन होणार नाही. बाकी मला इथे राहायचंय असा अर्थ काढू नये. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा. एक गोष्ट वर लिहायची राहिली. ओट्यावर मालकीणबाई शेवटी असंही म्हणाल्या की गप्प राहणं शिकवून येत नाही, ते घरातून यावं लागतं. तुझ्या घरात एक तरी माणूस गप्प राहू शकतो का? मामा, घराण्याचा प्रश्न होता. मी म्हणून गेलो, 'एकाहून एक मुकी माणसं आहेत आमच्याकडे.' त्यावर म्हणाल्या, 'मग एक घेऊन ये. या दांड्यापासून त्या दांड्यापर्यंत तुझ्याबरोबर एक शब्द न बोलता आलं, तर मानेन की तुझ्यातही ते कुठेतरी आहे, आणि तुला ठेवेन.' तेव्हा मामा, महिनाअखेरीच्या आत तुम्ही या. पत्र मिळताच सराव सुरू करा, आधी जेवताना आणि मग गिऱ्हाइकासमोर. वाटेत मी तुम्हाला काही दाखवलं तर 'काय रे?' म्हणायचं नाही, नुसतं बघायचं. दाखवण्यासारखं पुष्कळ आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी सगळं पत्र पुन्हा वाचलं आणि शांतपणे विचार केला (इथे त्याची सोय आहे). तुम्ही नका येऊ. तुम्ही दांडा ओलांडताना दांड्याबद्दलच बोलाल. मामीला पाठवा. घरात तुम्ही, मी आणि इतके भोंगे असताना ती इतकी वर्षं काय बोलली, हे आठवून बघा. मी कालपासून आठवतो आहे, मला एक वाक्य आठवत नाही. तिला सायकल येते का हे मी कधी विचारलं नाही, तुम्हीही विचारलं नसेल. येत नसली तरी हरकत नाही, गाड्यात बसवून नेईन, हिरव्या कापडाची गादी करून. तिला फार समजावत बसू नका. 'तिथे कोणी बोलत नाही' एवढंच सांगा, ती निघेल. परतीचं तिकीट मात्र तुम्हीच काढून तिच्या हातात द्या, आणि गाडीत बसताना परत येण्याचं वचन घ्या. नाहीतर माझी नोकरी राहील, पण मामी यायची नाही.